थोरांग-लाची सामाईक वाट

नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारी वाट मी गेली कित्येक वर्षे नकाशावरच पाहत होते. मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर चढत जायचे, ५४१६ मीटर उंचीची थोरांग-ला ही खिंड ओलांडायची आणि पलीकडे काली गंडकीच्या खोऱ्यात उतरायचे, असा तिचा आराखडा आहे. १९७७ मध्ये मनांगचा प्रदेश परदेशी लोकांना खुला झाला, तेव्हा ही सगळी वाट पायीच करावी लागे. आता मनांगपर्यंत जीप जाते आणि त्याच रस्त्याने माउंटन बाइक घेऊन येणाऱ्यांची संख्याही बरीच झाली आहे. मनांगच्या पुढे खिंडीकडे मात्र रस्ता नाही. तेथून एकच पायवाट आहे आणि चालणारे, सायकलवाले, पाठीवर ओझे वाहणारे भरिये आणि खेचरांचे तांडे या साऱ्यांनी तीच वापरायची आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही तिघे या वाटेने गेलो. मी आणि माझे यजमान पायी होतो. दोघांचीही पन्नाशी उलटली आहे आणि सह्याद्रीत तीस वर्षे हिंडण्याची सवय आहे. माझी भाची गार्गी आपली सायकल पुण्याहून विमानाने घेऊन आली होती. एकाच वाटेवर पायांनी आणि चाकांनी जाणाऱ्यांचे कसे जमते, हे मला तिच्यामुळे जवळून पाहता आले.

पहिला आणि दुसरा दिवस: काठमांडू ते ताल

काठमांडूहून बेसीसहरला बसने जाण्यात काही विशेष सांगण्यासारखे घडले नसते, पण सायकल बसच्या टपावर बांधली होती आणि बांधणाऱ्याने तिच्या मागच्या बाजूवर तांदळाची पोती रचली होती. उतरल्यावर गार्गीने मागचे चाक फिरवून पाहिले, तेव्हा गिअर बदलणारा डिरेलर ज्या पातळ धातूच्या पट्टीला लटकतो, ती पट्टीच आत वाकलेली आढळली. सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांना घासत होता. चढावर ज्या गिअरची सर्वाधिक गरज तोच निकामी झाल्याने तिचा चेहरा पडला.

बेसीसहरमध्ये सायकलचे दुकान आम्हाला सापडले नाही, परंतु मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका दाइंनी (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ) हे काम अंगावर घेतले. त्यांनी डिरेलर सोडवला, लांब दांड्याचा पाना पट्टीवर बसवला आणि चाकाच्या कडेशी समांतर येईपर्यंत केसाकेसाने ती बाहेर ओढली. प्रत्येक वेळी ते उकिडवे बसत, मागून एक डोळा मिटून पाहत आणि पुन्हा किंचित ओढत. अर्ध्या तासात सर्वांत हलका गिअर सोडून बाकी सगळे गिअर चालू लागले. ही पट्टी वारंवार वाकवली तर तुटते, म्हणून त्यांनी तेवढ्यावरच हात आवरला. सायकल घेऊन जाणाऱ्यांनी आपल्या सायकलीच्या मापाची ही सुटी पट्टी आणि ब्रेकच्या पॅडचे दोन जोड बरोबर ठेवलेच पाहिजेत, कारण त्या वाटेवर दुसऱ्या कोणाची पट्टी आपल्याला बसेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चामजेपर्यंत जीपने गेलो आणि तेथून नदीच्या काठाने चालत तालला पोहोचलो. खोरे येथे अगदी अरुंद होते आणि ताल आले की एकाएकी रुंद वाळवंटासारखे पसरते. गावाच्या मागे कड्यावरून धबधबा कोसळतो. येथून मनांग जिल्हा सुरू होतो. गार्गी सायकलने आमच्या अर्ध्या तासानंतर आली. तिच्या कपाळापासून मोज्यांपर्यंत सर्वत्र जीपच्या चाकांनी उडवलेली धूळ बसली होती. जीपच्या रस्त्यावर नाकातोंडाला बांधायला कापड हवेच, आणि जेथे जेथे नदीच्या पलीकडच्या तीराने जुनी पायवाट शिल्लक आहे, तेथे चालणाऱ्यांनी तीच धरावी. मुख्य पायवाटेवर दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या आहेत, तर आडवाटांवर निळ्या-पांढऱ्या. त्यांच्याकडे लक्ष ठेवले तर धुळीचा बराचसा रस्ता टाळता येतो.

तिसरा आणि चौथा दिवस: ताल ते चामे

नरक चतुर्दशीची पहाट तालमध्ये उजाडली. उटण्याची पुडी मी घरून आणली होती. आदल्या रात्री लॉजच्या दिदींकडे ‘तातो पानी’ मागून ठेवले होते, त्यांनी पाच वाजता वाफाळती बादली दारात आणून ठेवली, आणि १७०० मीटर उंचीवरच्या त्या थंडीत आम्ही तिघांनी पाळीपाळीने अभ्यंगस्नान केले. बाहेर आलो तो लॉजचा काळा केसाळ कुत्रा गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर लाल टिळा लावून पायरीवर बसलेला. नेपाळी लोकांच्या तिहार सणात हा दिवस कुकुर तिहार म्हणून कुत्र्यांच्या पूजेचा असतो. दिदींनी त्याच्यापुढे दूधभाताची थाळी ठेवली होती. आमच्या डब्यातला एक अनारसा मी त्यांना दिला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, की आमच्या सेल रोटीलाही तांदळाचेच पीठ लागते. न्याहारीला मग सेल रोटी आलीच.

येथे आम्ही एक चूक केली. गार्गीला रस्त्याने जाणे सोपे पडत होते, तेव्हा ती पुढे जाऊन लोअर पिसांगला आमची वाट पाहील असे ठरले. आमचे वाटाडे दाइ या बेताला नाखूश होते, पण तिच्या उत्साहापुढे त्यांनी फारसे ताणले नाही आणि आम्हीही ताणले नाही.

आम्ही दानाक्यूला मुक्काम करून चौथ्या दिवशी तिमांगवरून चाम्याला आलो. तिमांगच्या पठारावरून मागे वळून पाहिले, तर मनासलू सकाळच्या उन्हात उभा होता, आणि त्याच्याकडे पाहत तेथल्या ओट्यावर आम्ही फापराची भाकरी आणि मुळ्याचे लोणचे खाल्ले. फापर म्हणजे उपवासाला आपण जे कुट्टू म्हणून वापरतो तेच धान्य. त्याची भाकरी काळपट, किंचित कडसर आणि पोटाला दमदार असते. चामे हे मनांग जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लक्ष्मीपूजनाच्या त्या संध्याकाळी काही घरांच्या उंबऱ्यांवर पणत्या होत्या, आणि पोरांचे एक टोळके भैलोची गाणी म्हणत दारोदार फिरत होते. यजमानांनी त्यांच्या ताटात पैसे आणि चिवड्याची पुडी टाकली.

पाचवा आणि सहावा दिवस: पिसांग

चाम्याच्या पुढे ब्रातांगला सफरचंदांच्या मोठ्या बागा आहेत. तेथून थोडे पुढे गेल्यावर नदीपलीकडे पाउंग्दा डांडा दिसू लागतो. नदीपासून दीड हजार मीटरांहून उंच उठलेला, वाटीच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत बाक असलेला तो अखंड कातळ आहे. नाणेघाट आणि कोकणकड्याखाली आयुष्य घालवलेल्या माणसालाही त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आपण मोजमापच हरवल्यासारखे वाटते.

दुपारी तीन वाजता आम्ही लोअर पिसांगला पोहोचलो, तेव्हा गार्गी लॉजच्या खोलीत डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली होती. डोके फुटेल असे दुखत होते, सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. तालहून निघून दुसऱ्याच रात्री ती ३२०० मीटरवर झोपली होती. तिच्या पायांत आणि फुप्फुसांत बळ होते, म्हणून तिला चढ जाणवला नाही. पण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला लागणारा वेळ बळाने कमी होत नाही. या वाटेवर सायकलवाल्यांना हा धोका चालणाऱ्यांपेक्षा अधिक असतो, कारण चालणाऱ्याचे पाय त्याला आपोआप सावकाश नेतात, आणि चाके मात्र माणसाला त्याच्या शरीराच्या पुढे घेऊन जातात. जीपने थेट मनांगला येणाऱ्यांचे तर याहून वाईट होते.

दाइंनी तिला दोन प्रश्न विचारले, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावले, आणि तोल जात नाही हे पाहून सांगितले, की आज येथेच राहायचे, पाणी प्यायचे, रात्रीपर्यंत वाढले तर जीपने चाम्याला उतरायचे. गार्गीने मला हळूच विचारले, “आत्या, माझ्यामुळे सगळ्यांचा एक दिवस जाणार ना?” मी तिला म्हटले, की दिवस गेला तर जाऊ दे, त्यासाठीच आपण दोन दिवस जास्तीचे धरले आहेत. सकाळपर्यंत तिची डोकेदुखी उतरली आणि तिने दोन वाट्या गुरगुट्या भात मीठ घालून खाल्ला.

तो मुक्कामाचा दिवस भाऊबीजेचा निघाला. नेपाळात त्याच दिवशी भाइ टीका असते. बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते आणि जांभळ्या मखमली फुलांची माळ घालते. आमच्या दाइंच्या दोन बहिणी गोरखा जिल्ह्यातल्या गावी होत्या आणि ऐन हंगामात घरी जाता येत नाही, म्हणून गेली सहा वर्षे त्यांची भाइ टीका हुकली होती. मी लॉजमधून एक ताटली आणि तुपाची वात मागून घेतली, कुंकू माझ्याजवळ होते, सुपारीऐवजी अक्रोड ठेवला आणि दाइंना पाटावर, म्हणजे घडी घातलेल्या गालिच्यावर, बसवून ओवाळले. त्यांनी टोपी सावरली, मान खाली घातली आणि बराच वेळ ती वर केली नाही. त्यानंतर उरलेल्या प्रवासात त्यांनी माझी पाठपिशवी एकदाही मला सकाळी स्वतः उचलू दिली नाही. पाठीवर चढवून द्यायला ते दारात उभेच असत.

सातवा ते नववा दिवस: घ्यारू, ङवाल आणि मनांग

पिसांगपासून मनांगला जायला दोन वाटा आहेत. खालची हुम्देवरून, सपाट आणि रुंद. वरची घ्यारू आणि ङवाल या जुन्या गावांवरून. चालणाऱ्यांनी वरचीच घ्यावी. घ्यारूच्या चढाला नागमोडी वळणे घेत जवळजवळ चारशे मीटर एका दमात चढावे लागते, पण वर पोहोचल्यावर ७९३७ मीटरचा अन्नपूर्णा दोन समोर असा उभा राहतो, की त्याच्या हिमकड्यावरची प्रत्येक भेग मोजता यावी. शिवाय ३६६० मीटरच्या आसपास एक रात्र काढून मग किंचित खाली मनांगला झोपल्याने शरीर चांगले सरावते. गार्गीने खालचा रस्ता घेतला आणि या वेळी ठरल्याप्रमाणे ब्रागाला थांबून राहिली. ब्रागाचा जुना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आणि त्याला चिकटून एकावर एक चढलेली दगडमातीची घरे पाहायला निदान दोन तास हाताशी ठेवावेत.

मनांगला ३५४० मीटरवर एक दिवस थांबणे हे मी अनिवार्य समजते. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्यकेंद्र हंगामात चालते आणि दुपारी उंचीच्या आजारांविषयी डॉक्टर मोफत व्याख्यान देतात. त्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्यांत अर्धेअधिक चालणारे होते आणि गुडघ्यांना पॅड बांधलेले सात-आठ सायकलवाले. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हा नियम डॉक्टरांनी सांगितला तेव्हा गार्गीने वहीत तो लिहून खाली दोन रेघा मारल्या. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यायचे असेल तर घरून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. लसणाचे सूप सगळीकडे आग्रहाने देतात; ते चवीला आणि उबेला उत्तम आहे, म्हणून जरूर प्यावे, पण त्याला औषध समजू नये.

पैशांचे येथेच सांगून टाकते. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे आणि मनांगच्या वर रोख रक्कमच चालते, तेव्हा काठमांडूतच पुरेसे नेपाळी रुपये घ्यावेत. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आधार कार्ड चालत नाही.

दहावा दिवस: मनांग ते याक खर्क

सामाईक वाट खऱ्या अर्थाने येथे सुरू होते. गुनसांगच्या पुढे ती डोंगराच्या कुशीतून दीड-दोन हात रुंदीने जाते, एका हाताला बुटक्या जुनिपरचा उतार आणि दुसऱ्या हाताला खोल दरी. वारा अकराच्या सुमारास उठला आणि त्याच्या आवाजात दुसरे काही ऐकू येईना.

एका वळणावर यजमान पुढे होते. वळणापलीकडून एक सायकलस्वार उतरत आला. थोरांग फेदीहून प्रकृती बिघडल्याने तो परत चालला होता आणि लवकर खाली पोहोचण्याची त्याला घाई असावी. त्याने ब्रेक दाबले, परंतु सुट्या खड्यांवर मागचे चाक घसरले. यजमानांनी डोंगराकडे अंग टाकले, त्यांचा गुडघा खडकावर सोलला आणि हातातली काठी गडगडत दरीकडे गेली. तो मुलगा सायकल आडवी टाकून धावत आला. त्याचे ओठ निळसर पडले होते आणि माफी मागतानाही त्याला धाप लागत होती. काठी तीस-चाळीस फुटांवर एका झुडपात अडकली होती, ती काढायला तो निघाला तेव्हा दाइंनी त्याला हाताला धरून बसवले, स्वतः जाऊन काठी आणली आणि मग त्याला गरम पाणी पाजून, सायकलवर न बसता हातात धरून न्यायला सांगून मनांगकडे वाटेला लावले.

गार्गी हे सगळे मागून पाहत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, वळणावर मीसुद्धा असाच अंदाज बांधते, की पलीकडे कोणी नसेल. घंटी वाजवते, पण या वाऱ्यात ती तुम्हाला ऐकूच येणार नाही.” तेवढ्यात खालून खेचरांचा तांडा येत होता. तो दिसण्यापूर्वी कितीतरी आधी त्यांच्या गळ्यांतल्या घंटांचा जड, अखंड नाद आमच्यापर्यंत पोहोचला आणि वाटेवरचे सगळे जण न सांगता डोंगराच्या बाजूला सरकले. तांडा येतो तेव्हा दरीच्या बाजूला कधीही उभे राहू नये, कारण खेचराच्या पाठीवरचे गाठोडे दोन्ही अंगांना फूटभर बाहेर आलेले असते आणि त्याचा धक्का लागला तर ते थांबत नाही.

याक खर्कला पोहोचल्यावर त्या तांड्याच्या मालकाशी गार्गीने गोष्टी केल्या आणि त्यांच्याकडून एक लहान पितळी घंटा विकत घेतली. ती त्यांनी स्वतः चामड्याच्या वादीने तिच्या सीटखाली बांधून दिली. चाक हलले की घंटा हलायची, थांबले की थांबायची. दुसऱ्या दिवशी पुढच्या माणसांनी तिचा आवाज ऐकून मागे न पाहताच खेचरासाठी वाट दिली, आणि सायकल पाहून जो तो हसून नमस्ते म्हणाला.

या वाटेचे नियम कोठे पाटीवर लिहिलेले मला आढळले नाहीत, पण ते पक्के आहेत आणि दाइंनी ते मला असे सांगितले: ओझेवाला आधी, मग उकालो चढणारा, मग ओरालो उतरणारा, आणि चाकवाला सर्वांत शेवटी. कपाळावरच्या नाम्लोने, म्हणजे पट्ट्याने, डोको ही पाठीवरची टोपली पेललेला भरिया थांबला तर पुन्हा लय धरायला त्याला किती त्रास होतो, हे एकदा लक्षात आले की बाजूला होणे आपल्याला सुचतेच. सायकलवाला मागून आला तर त्याने थांबून, एक पाय जमिनीवर टेकवून, आपण कोणत्या बाजूने जाणार ते तोंडाने सांगावे. चालणाऱ्यानेही सगळा गट एकाच बाजूला घ्यावा, दोघे इकडे आणि दोघे तिकडे असे करू नये. एवढे पाळले गेले, तर दोन हात रुंदीची वाटही सगळ्यांना पुरते. सायकलींना या वाटेवर बंदी असावी असे म्हणणारेही मला मनांगला भेटले. त्यांची भीती मी समजू शकते, तरीही मला ते पटत नाही. वाटेची खरी मोडतोड खालच्या खोऱ्यात रस्त्याने आणि दरडींनी झालेली मी पाहिली आहे, सायकलींनी नव्हे.

अकरावा दिवस: थोरांग फेदी

लेदर या वस्तीच्या पुढे दरडींचा पट्टा लागतो. तेथे घसारा थेट वाटेवर उतरलेला आहे आणि वरून दगड सुटतात, म्हणून सकाळी लवकर, थोडे अंतर ठेवून आणि न थांबता तो पार करायचा असतो. गार्गीने तेथे सायकलवर बसण्याचा विचारही केला नाही. डोंगराच्या बाजूने स्वतः आणि दरीच्या बाजूने सायकल, अशी ती ढकलत गेली.

फेदी म्हणजे पायथा. ४४५० मीटरवरच्या त्या लॉजच्या जेवणघरात संध्याकाळी शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी पेटली, आणि तिच्याभोवती दहा देशांची माणसे हात शेकत बसली. २०१४ च्या ऑक्टोबरची गोष्ट निघाली. बंगालच्या उपसागरातले हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ जमिनीवर आले आणि दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या ढगांनी या खिंडीवर हिमवादळ आणले; परिसरात किमान ४३ माणसे दगावली. दाइ तेव्हा भरिया म्हणून काम करत होते आणि त्या आठवड्यात सुदैवाने दुसऱ्या वाटेवर होते. त्यांच्या ओळखीचे दोघे परतले नाहीत. ते एवढेच बोलले आणि शेगडीत गोवरी सारायला उठले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या खिंडीकडे निघणाऱ्याने बंगालच्या उपसागरातल्या हवामानाची बातमी मनांगमध्ये मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि फेदीला बर्फ पडू लागले तर तेथेच थांबावे.

बारावा दिवस: खिंड

चारला निघालो. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळला होता आणि आकाश इतके स्वच्छ होते, की समोरच्या डोंगराची कड केवळ तारे जेथे संपतात त्यावरून कळत होती. पाण्याच्या बाटल्या सॅकच्या आत उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरच्या बाजूने धरते, म्हणजे झाकणाकडे पाणी राहते. नळीवाल्या पिशवीची नळी येथे पहिल्या अर्ध्या तासात गोठते, म्हणून ती नेऊ नये.

फेदीपासून हाय कॅम्पपर्यंतचा चढ सायकलवर बसून करणे शक्य नाही. गार्गीने सीट खाली दाबली, पेडल काढून खिशात टाकले, सायकल उलटी करून तिची खालची दांडी सॅकच्या माथ्यावर, मानेमागे आडवी ठेवली, उजव्या हाताने पुढचा फोर्क धरला आणि डाव्या हाताने मागचे चाक. चौदा किलोंचे ते धूड तिच्या डोक्याच्या टॉर्चच्या उजेडात मोठ्या पाखरासारखे दिसत होते. तीस पावले, मग उभ्या उभ्या दहा श्वास, मग पुन्हा तीस पावले. सीटखालची घंटा प्रत्येक पावलाला एकदा वाजत होती आणि पुढचे तीन तास मी माझी पावले त्या आवाजावर टाकली. “बिस्तारै, बहिनी, बिस्तारै,” म्हणजे सावकाश, असे दाइ मागून म्हणत होते. एका भरियाने तिची सायकल पैसे न घेता नेण्याची तयारी दाखवली. तिने आधी नको म्हटले आणि हाय कॅम्पच्या वरच्या अवघड आडव्या पट्ट्यात, बोटे बधिर झाल्यावर, हो म्हटले. वर तिने त्याला पैसे आणि स्वतःचे जाड हातमोजे दिले.

हाय कॅम्पनंतर खिंड आली असे चार वेळा वाटते आणि प्रत्येक वेळी पुढे आणखी एक उंचवटा निघतो. साडेनऊला पताकांचा मोठा ढीग, अभिनंदनाची पाटी आणि चहाची दगडी झोपडी दिसली. तेथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो. यजमानांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता आणि त्यांना तो तोंडापर्यंत नेण्याची घाई नव्हती. गार्गी सायकल पताकांना टेकवून तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

उतार सोळाशे मीटरांचा आहे आणि गुडघ्यांची परीक्षा चढात नव्हे तर येथे होते. सुरुवातीच्या सावलीतल्या पट्ट्यात बर्फ कडक झाले होते, म्हणून आम्ही बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधल्या. गार्गीने तो भाग चालत उतरून मग टायरांतली हवा थोडी कमी केली आणि सायकलवर मांड टाकली. ती घसाऱ्यावरून वळणे घेत खाली गेली. चालणारा दिसला की वीस-पंचवीस पावलांवर उभी राहत होती आणि तो पार झाल्यावर पुन्हा निघत होती. चाराबूच्या चहाच्या घरी आम्ही पोहोचलो, तेव्हा तिने आमच्यासाठी तीन थाळ्या दाल भात सांगून ठेवला होता आणि ब्रेकच्या तापलेल्या चकत्या निवायला सायकल सावलीत उभी केली होती. दहा वाजण्यापूर्वी खिंड ओलांडावी असे सगळे सांगतात. का, ते आम्हाला तेथे कळले, कारण आमच्या मागून आलेल्यांना वाऱ्यापुढे बसून बसून उतरावे लागले होते.

तेरावा दिवस: मुक्तिनाथ

रानीपौवाच्या लॉजमधून सकाळी बाहेर पडले आणि कानावर पहिले शब्द आले ते असे: “अगं, गरम पाण्याची पिशवी कुठं ठेवलीस?” मुक्तिनाथला जीपने येणाऱ्या यात्रेकरूंत मराठी मंडळी पुष्कळ असतात. सोलापूरकडचा तो गट पहाटेच एकशे आठ गोमुखांखालून धावत जाऊन आला होता आणि थंडीने कुडकुडत असूनही त्यांचे चेहरे फुलले होते. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हे एक, आणि बौद्धांनाही ते तितकेच पवित्र आहे. देवळाची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी पाहतात. जवळच ज्वालामाईच्या देवळात खडकातून येणाऱ्या नैसर्गिक वायूची लहानशी निळी ज्योत पाण्याच्या आवाजाच्या सोबतीने जळत असते. ती पाहायला वाकावे लागते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत धीर धरावा लागतो.

त्या गटातल्या एका आजींनी तुळशीच्या लग्नासाठी शाळिग्राम घेतला होता. त्यांनी तो रुमालातून काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळ्या गोट्याच्या आत कोरल्यासारखी चक्रे होती. हिमालय उठण्यापूर्वी येथे टेथिस समुद्र होता, त्यातल्या अमोनाइट जीवांचे ते ठसे. माझ्या सासूबाईंच्या देवघरातला शाळिग्राम मी पंचवीस वर्षे चंदन लावून पुसत आले आहे. तो ज्या नदीतून आला, ती आता खाली करड्या वाळूत दिसत होती.

चौदावा दिवस: लुप्राच्या वाटेने जोमसोम

मुक्तिनाथहून जोमसोमला मोटाररस्ता जातो, पण आम्ही लुप्रावरून गेलो. ही वाट सायकलवाल्यांची लाडकी आहे आणि चालणाऱ्यांनाही ती मनापासून सुचवावीशी वाटते. वरच्या उघड्या पठारावरून धौलागिरी आणि निलगिरी दोन्ही दिसतात, मग वाट मातीच्या धारेवरून खोल उतरत लुप्रा या, बोन हा तिबेटचा जुना धर्म पाळणाऱ्यांच्या लहान गावात जाते. त्या दिवशी आम्हाला पाच सायकलवाले भेटले. पाचही जण लांबूनच थांबले.

लुप्राच्या पुढे नदीपात्रातून चालावे लागते आणि काली गंडकीचा वारा दुपारी दक्षिणेकडून तोंडावर येतो, वाळूसकट. जोमसोमच्या दिशेने जाणाऱ्यांनी, आणि सायकलवाल्यांनी तर विशेषच, अकराच्या आत हा पट्टा संपवावा. आम्हाला बारा वाजले आणि शेवटचा तास गार्गीला सपाटीवरही सायकल ढकलावी लागली.

संध्याकाळी मार्फा गावच्या सफरचंदांचा ‘अ‍ॅपल पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ खाऊन आम्ही लवकर झोपलो. सकाळी पोखऱ्याची बस लागली, तेव्हा टपावर चढलेल्या पोऱ्याने सायकलसाठी हात पुढे केला. गार्गीने त्याला थांबवले, शिडीने स्वतः वर गेली, लॉजमधून मागून आणलेल्या जुन्या रजईवर सायकल डिरेलर वरच्या बाजूला येईल अशी आडवी ठेवली आणि दोर तिने स्वतः बांधला. बस हलली तशी टपावर घंटा वाजली, आणि रस्त्यातून जाणारी दोन खेचरे कान टवकारून बाजूला झाली.